अबोल मुलाला शौचाची संवय

बालसंगोपनावर बोलणारी माणसें दूध, दांत, ताप, गोंवर यांविषयीं मोकळेपणानें बोलतात. शी-शूचा विषय निघाला कीं मात्र आवाज खालीं येतो. वस्तुतः ज्या घरांत दोन-तीन वर्षांचें मूल आहे, त्या घराचा निम्मा दिवस याच विषयाभोंवतीं फिरत असतो. त्यांतून तें मूल जर वयाच्या मानानें बोलत नसेल, चार-दोन शब्दांपलीकडे त्याची मजल गेली नसेल, तर आईच्या मनाला एक निराळीच काळजी लागते. 'सांगतच नाहीं, तर शिकवायचें कसें?' हा तिचा प्रश्न असतो, आणि घरांतल्या आजीबाई धीर देतात, "अग, एकदां बोलूं लागला कीं सांगेल हो आपोआप!"

आजीबाईंचा धीर मोलाचा, पण सल्ला मात्र येथें नडतो. बोलणें उशिरां येण्याचीं कारणें पुष्कळ आहेत. कोणाला ऐकूं कमी येतें, कोणी स्वमग्न असतें, कोणाला डाउन सिंड्रोम असतो, कोणाच्या जिभेच्या व ओठांच्या स्नायूंना मेंदूचा हुकूम नीट पोंचत नाहीं, आणि कांहीं मुलें नुसतींच सावकाश बोलणारीं असतात. यांपैकीं कित्येकांना सरळ वाक्य बोलावयास पांच-सहा वर्षें लागतात. कांहींना तें कधींच साधत नाहीं. तोंवर डायपर चालूंच ठेवावयाचा काय? मूल शाळेच्या वयाचें झालें कीं बालवर्गाच्या दारांत पहिला प्रश्न होतो तो हाच: 'शी-शू सांगतो का?' उत्तर नकारार्थी आलें कीं दार हळूच लोटून घेणाऱ्या शाळाही आहेत. २०१६ सालच्या अपंग व्यक्तींच्या हक्कांच्या कायद्यानें अनुदानित व मान्यताप्राप्त शाळांवर अशा मुलांना भेदभाव न करितां प्रवेश देण्याचें बंधन घातलें आहे, हें खरें. परंतु कायद्यानें दार उघडलें तरी वर्गांतल्या इतर मुलांचें नाक मुरडणें त्याला थांबवितां येत नाहीं. ओल्या चड्डीनें बसलेल्या मुलाला तें कळतें. बोलतां येत नाहीं म्हणून लाज वाटत नाहीं असें नाहीं.

या शिक्षणाला वाचा लागत नाहीं, खूण लागते. हें पटण्यासाठीं शरीरांत काय घडतें तें थोडें पाहिलें पाहिजे. मूत्राशय ही एक ताणली जाणारी पिशवी आहे. तान्ह्या मुलाची ती दिवसांतून वीसएक वेळां आपोआप रिकामी होते. वयाबरोबर ती मोठी होत जाते. ढोबळ हिशेब असा कीं, वयाच्या वर्षांत दोन मिळवून तीसनें गुणावें; येईल तितके मिलिलिटर त्या पिशवींत मावतात. म्हणजे दोन वर्षांच्या मुलाच्या पिशवींत सुमारें १२० मिलिलिटर, अगदीं लहानसा पेलाभर. चार वर्षांच्या मुलाच्या पिशवींत १८०. या पिशवीच्या तोंडाशीं दोन दरवाजे आहेत. आंतला आपोआप उघडतो व मिटतो; बाहेरचा इच्छेच्या ताब्यांत येऊं शकतो. गुदाशयाचीही रचना अशीच आहे. बाहेरच्या दरवाजाची किल्ली मेंदूच्या हातीं येण्याचा काळ साधारणपणें दीड वर्षापासून तीन-चार वर्षांपर्यंतचा. ज्या मुलाची एकंदर वाढच सावकाश आहे त्याला याहून अधिक. या साऱ्या व्यवहारांत जिभेचें कामच पडत नाहीं.

जुन्या घरांतली बाई पाय पसरून बसे, दोन पावलांवर तान्ह्याला बसवी आणि तोंडानें 'शूऽऽ' असा बारीक आवाज काढी. त्या बैठकीचा, त्या आवाजाचा व मूत्राशयाचा असा संबंध जुळे कीं आवाज झाला कीं धार लागे. ही रीत अजूनही अनेक घरांत आहे. केनियाच्या किनाऱ्यावरील डिगो लोक हीच गोष्ट अधिक नेटानें करितात, असें डेव्हरीस आडनांवाच्या दोघां संशोधकांनीं १९७७ सालीं प्रसिद्ध केलेल्या लेखांत दाखविलें. तेथें जन्मानंतरच्या पहिल्या कांहीं आठवड्यांतच आरंभ होतो, आणि पांच-सहा महिन्यांचें मूल बरेंचसें कोरडें राहूं लागतें. सहा महिन्यांच्या मुलाला बोलतां येत नाहीं, हें सांगावयास नकोच. अर्थात् या रीतींत निम्मी शिकते ती आई. मुलाच्या अंगाची हालचाल वाचावयास ती शिकलेली असते. हें वाचन पुढें उपयोगी पडणार आहे.

याच्या उलट टोकाला अमेरिकेंतील बालरोगतज्ज्ञ टी. बेरी ब्रेझल्टन. त्यांनीं १९६२ सालीं १,१७० मुलांच्या नोंदींवरून असें मत मांडलें कीं, मुलाची तयारी दिसेपर्यंत थांबावें, बळजबरी करूं नये. मत शहाणपणाचें होतें आणि तें दूरवर पसरलें. पुढें 'तयारीच्या खुणां'च्या याद्या छापल्या गेल्या, आणि 'मूल शब्दांनीं सांगूं लागतें' ही ओळ त्यांतल्या अनेक याद्यांत येऊन बसली. अबोल मुलांचे आईबाप त्या एका ओळीपाशीं वर्षानुवर्षें अडून राहतात. त्यांनीं ती ओळ खुशाल खोडावी. १९७१ सालीं नेथन ॲझ्रिन आणि रिचर्ड फॉक्स या दोघां मानसशास्त्रज्ञांनीं, बुद्धीची वाढ अत्यंत खुंटलेल्या व संस्थेंत राहणाऱ्या नऊ प्रौढांना थोड्या दिवसांत ही संवय लावून दाखविली. भरपूर पेय पाजणें, ठरल्या वेळीं बसविणें, आणि यश आलें कीं तत्काळ कांहीं खाऊ देणें, हा त्यांच्या पद्धतीचा गाभा. त्यांत चुकीबद्दल पुनःपुन्हां साफसफाई करावयास लावण्याचाही भाग होता. तो टाकून दिलेलाच बरा.

प्रत्यक्ष आरंभ करण्यापूर्वीं मुलाचे कान तपासून घ्यावे. 'हांक मारली कीं वळून बघतो' ही घरगुती परीक्षा पुरेशी नाहीं. मूल पावलांची चाहूल, सावली, हवेचा झोत यांवरूनही वळतें. झोपलेल्या तान्ह्या मुलाचीही श्रवणपरीक्षा आतां यंत्रानें होते. मुंबईस वांद्र्याला १९८३ सालीं स्थापन झालेली अली यावर जंग यांच्या नांवाची राष्ट्रीय संस्था याच कामासाठीं आहे, आणि मोठ्या शहरांतील रुग्णालयांतूनही ही सोय असते. ज्या मुलाला ऐकूंच येत नाहीं त्याच्या पाठीमागून 'शू आली का?' असें दहादां विचारणें हा त्याच्यावर अन्यायच आहे.

त्यानंतर तीन-चार दिवस कांहींही न शिकवितां केवळ नोंद ठेवावी. स्वयंपाकघराच्या भिंतीवर एक कागद लावावा. मूल जागें असतां दर अर्ध्या-पाऊण तासानें कोरडें आहे कीं ओलें, एवढेंच त्यावर टिपावें. खाण्यापिण्याच्या वेळाही लिहाव्या. शौचाची वेळ बहुधा जेवणानंतर वीस-तीस मिनिटांत येते, कारण पोटांत अन्न पडलें कीं मोठें आंतडें हलूं लागतें. हा निसर्गाचाच नियम आहे. हळूहळू त्या कागदावर एक वेळापत्रक उमटूं लागतें. मूल दीड-दोन तास कोरडें राहत असेल, तर पिशवी साठवावयास शिकली आहे आणि आरंभास हरकत नाहीं, असें समजावें.

याच दिवसांत आणखी एक शोध लागतो. मूल सांगत नाहीं, हें म्हणणें बहुधा खरें नसतें. तें खेळतां खेळतां एकाएकीं थबकतें. पडद्यामागें किंवा कपाटाच्या आडोशाला जाऊन उभें राहतें. चवड्यांवर चढतें, मांड्या आवळतें, चड्डी ओढतें, चेहरा लाल करितें. एखादें स्वतः जाऊन नवा डायपर घेऊन येतें! हें सारें सांगणेंच आहे. घरानें तें ऐकलेलें नसतें एवढेंच. पडद्यामागें जाणारें मूल तर एकांताची गरज ओळखण्याइतकें शहाणें झालेलें असतें, आणि नेमकें त्यालाच 'लबाड आहे, मुद्दाम करतो' असा शेरा मिळतो.

आतां खुणेविषयीं. प्रथम घरांतल्या मोठ्या माणसांनीं आपसांत एक शब्द ठरवावा. आई 'शू' म्हणते, आजी 'मुती' म्हणतात, सांभाळणारी बाई 'सूसू' म्हणते आणि वडील 'टॉयलेट' म्हणतात. बोलकें मूल हे चारही शब्द आठवड्यांत पचवितें. पण ज्याला सबंध दिवसांत पांच शब्द उमगतात, त्याला एकाच गोष्टीचीं चार नांवें म्हणजे चार निराळ्या गोष्टी. शब्द कोणताही चालेल. तो एकच असावा. 'चला बरें बाळ, आतां आपण छानपैकीं शू करून घेऊं या' या लांबलचक वाक्यापेक्षां 'शू' हा एकच शब्द, एकाच सुरांत, भांड्याकडे जातांना म्हणावा.

शब्दाबरोबर हाताची एक खूण जोडावी. महाराष्ट्रांतील शाळांतून पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली करंगळीची खूण सर्वांना ठाऊक आहे. वर्गांत पन्नास मुलें बसलेलीं असतां एकानें करंगळी वर केली कीं गुरुजी धडा न थांबवितां मान हलवीत. बोलक्या मुलांनाही जी खूण सोयीची वाटली, ती अबोल मुलाला देण्यांत कसला आला कमीपणा? मात्र करंगळी एकटी वर करणें लहान किंवा दुबळ्या हाताला अवघड जातें. तशा मुलाला ओटीपोटावर तळहातानें दोन थापा मारावयास शिकवावें. तेंही जमत नसेल तर चित्र. हीं चित्रें परक्या पुस्तकांतलीं नसावीं. आपल्या घरांतल्याच भांड्याचें छायाचित्र काढून, पुठ्ठ्यावर डकवून, न्हाणीघराच्या दाराशीं मुलाच्या डोळ्यांच्या उंचीवर दोरीनें टांगावें. मुलानें चित्र उचलून मोठ्या माणसाच्या हातीं द्यावयाचें आणि मोठ्या माणसानें तत्काळ तें काम करावयाचें, या तत्त्वावर अँडी बॉंडी व लोरी फ्रॉस्ट यांनीं १९८५ सालीं अमेरिकेंत चित्रविनिमयाची एक सबंध पद्धतिच बसविली. कांहीं मुलांना चित्र म्हणजे नुसता रंगीत कागद वाटतो; त्यांच्या हातीं एखादी वस्तु द्यावी, उदाहरणार्थ न्हाणीघरांतलाच एक छोटा मग. मग हातीं आला कीं कोठें जावयाचें तें त्यांना कळतें.

खूण शिकवावयाची ती जातांना, आल्यावर नव्हे. भांड्याकडे निघण्याच्या क्षणीं मोठ्या माणसानें शब्द उच्चारावा, स्वतः खूण करावी, मग मुलाचा हात हातांत घेऊन तीच खूण करवावी, आणि लगेच निघावें. कांहीं दिवसांनीं हात धरण्यापूर्वीं मनांतल्या मनांत पांच अंक मोजीत थांबावें. या पांच अंकांची किंमत फार आहे. उतावीळ माणूस मुलाला कधीं आरंभच करूं देत नाहीं. मग 'स्वतःहून सांगत नाहीं' अशी तक्रार मागाहून तोच करितो.

आणि मुलानें एकदां का स्वतः खूण केली, कीं ती मानलीच पाहिजे. पोळी तव्यावर असेल, दूरध्वनि वाजत असेल, पाहुणे दारांत असतील; उठलेंच पाहिजे. भांड्यावर बसून कांहींच झालें नाहीं, आणि दहा मिनिटांत पुन्हां खूण आली, तरीही. मूल घरच्यांना दमवीत आहे असें या वेळीं वाटतें. तें दमवीत नसतें. आपल्या बोटांत खरोखरच शक्ति आहे काय, हें पडताळून पाहत असतें. ज्याच्या शब्दानें आजवर कांहींच घडलें नाहीं, त्याच्या करंगळीनें सारें घर उठतें, ही जाणीव त्याला या शिक्षणापलीकडेही उपयोगी पडते. पुष्कळदां इतर मागण्यांच्या खुणा याच एका खुणेच्या मागून येतात.

बसण्याची सोय साधी असावी. कमोडवर पाय लोंबकळत असतील तर पोटाला जोर करितां येत नाहीं. पायांखालीं पाट द्यावा, गुडघे किंचित् वर यावे. देशी पद्धतीच्या शौचकूपाचें तोंड लहान मुलाला विहिरीसारखें वाटतें. तेथें आरंभीं ठेंगणें भांडेंच बरें. एका वेळीं तीन ते पांच मिनिटें पुरेत. चड्डी लवचिक पट्ट्याची असावी. नाडीची गांठ सुटेपर्यंत काम होऊन जातें! मुलग्यांनींही प्रथम बसूनच शिकावें, आणि मुलींना पुढून मागें धुण्याची संवय पहिल्या दिवसापासून लावावी. काम झालें कीं लगेच शाबासकी आणि एखादा बेदाणा. मूल आवाजाला दचकणारें असेल तर टाळ्या वाजवूं नयेत.

स्वमग्न मुलांच्या बाबतींत भीतीचा विचार वेगळा करावा लागतो. पाण्याच्या टाकीचा धबधबा, फरशीचा गारवा, न्हाणीघरांत घुमणारा आवाज, यांपैकीं एखादी गोष्ट त्यांना असह्य होते आणि तें कारण त्यांना सांगतां येत नाहीं. मूल बाहेर गेल्यावर पाणी सोडावें, फरशीवर पायपुसणें घालावें, असे लहान उपायही चालतात. जें मूल डायपरमध्येंच शौच करितें व तो काढला कीं दोन-दोन दिवस कोंडून धरतें, त्याच्याशीं झगडूं नये. प्रथम डायपर असूं द्यावा, पण जागा न्हाणीघरांतली करावी. मग डायपरसह भांड्यावर बसवावें. मग तो सैल करावा. शेवटीं नुसता भांड्यांत पसरावा. प्रत्येक पायरीला आठवडा लागला तरी लागो.

कोंडून धरण्याची ही गोष्ट मात्र हलकी नाहीं, आणि सर्वांत अधिक घरें चुकतात तीं येथेंच. एकदां कठीण शौच होऊन दुखलें कीं मूल पुढच्या वेळीं आवळून धरतें. आंत राहिलेला मळ अधिक सुकतो, अधिक मोठा होतो, पुढच्या वेळीं अधिक दुखतो. असें चक्र आठवडे चाललें म्हणजे गुदाशय ताणून सैल पडतें आणि भरल्याची जाणीवच बोथट होते. मग त्या खड्याच्या कडेनें पातळ मळ नकळत झिरपूं लागतो व चड्डी दिवसांतून चार वेळां खराब होते. घरच्यांना हे जुलाब वाटतात, आणि जुलाब थांबविण्याचें औषध दिलें जातें! बोलकें मूल निदान 'दुखतें' म्हणतें. अबोल मूल चवड्यांवर उभें राहून पाय आवळतें, पाठीची कमान करितें, आणि त्याला हट्टी ठरवून चापट मिळते. येथें आधीं वैद्यकीय उपचार, मग शिक्षण. मळ मऊ करणारें औषध डॉक्टरांच्या सल्ल्यानें कित्येक आठवडे, प्रसंगीं कित्येक महिने द्यावें लागतें; एकदां पोट साफ झालें म्हणून बंद केलें तर चक्र पुन्हां सुरू होतें. दिवसभर दुधाच्या बाटलीवर राहणाऱ्या मुलाचें दूध कमी करून पाणी, भाजी, फळें, वरणभात यांकडे त्याला वळवावें. भरलेलें गुदाशय मूत्राशयावर दाब देतें, म्हणून कित्येकदां मलावरोध हटला कीं शूचे अपघातही आपोआप कमी होतात.

दुसऱ्या कांहीं लक्षणांसाठींही डॉक्टरांकडे गेलें पाहिजे: शू करितांना रडणें, सतत थेंब थेंब गळणें, पायांत दुबळेपणा. कोरडें राहूं लागलेलें मूल पुन्हां वारंवार ओलें होऊं लागलें आणि त्याला तहानही फार लागूं लागली, तर त्याच दिवशीं रक्तांतील साखर तपासून घ्यावी. लहान मुलांतील मधुमेहाची सुरुवात अशी होते.

अपघात होणारच. त्या वेळीं चेहरा सपाट ठेवावा. 'शू, भांड्यांत' एवढेंच म्हणून मुलाला भांड्यापाशीं न्यावें आणि मग पुसून घ्यावें. रागानें मूल एवढेंच शिकतें कीं हें काम मोठ्या माणसांसमोर करूं नये.

एक गोष्ट शहाण्या घरांतूनही राहून जाते. ज्या मुलाला बोलतां येत नाहीं त्याचें अंग धुणारे हात किती, याची मोजदाद ठेवावी. आई, वडील, आजी, फार तर शाळेंतली एक बाई. यांखेरीज इतर कोणाला तें काम देऊं नये, आणि दार लोटून घेण्याचा परिपाठ आरंभापासूनच ठेवावा. 'शू'च्या खुणेबरोबरच 'नको' अशी एक स्पष्ट खूण, आडवा हात किंवा जोरानें हललेली मान, मुलाला दिलीच पाहिजे, आणि ती घरांतही मानली गेली पाहिजे. आजच्या मुलाखेरीज उद्यांच्या पंधरा वर्षांच्या मुलाचा किंवा मुलीचाही हा प्रश्न आहे. आपल्यावर झालेली आगळीक ज्याला शब्दांनीं सांगतां येणार नाहीं, त्याचें तेवढेंच संरक्षण.

रात्रीचा विचार इतक्यांत करूं नये. रात्रीं कोरडें राहणें मुख्यतः झोपेंत मूत्र कमी तयार होण्यावर व भरल्या पिशवीनें जाग येण्यावर अवलंबून असतें. तें शिकवून येत नाहीं. बोलक्या मुलांतही पांच वर्षांपर्यंत अंथरूण ओलें होणें हा रोग समजत नाहींत.

आजोळीं किंवा प्रवासास जातांना भांडें, पाट आणि तें दोरीचें चित्र बरोबर न्यावें. जागा बदलली कीं कांहीं मुलांची शिकलेली गोष्ट जागेवरच राहते. शाळेंतल्या बाईंच्या हातीं एक अर्धा कागद द्यावा. घरांतला शब्द कोणता, खूण कोणती, नेहमींच्या वेळा कोणत्या, आणि मूल कशाला भितें, एवढें त्यावर असलें कीं पुरे. खूण लिहून न थांबतां एकदां प्रत्यक्ष करून दाखवावी. ओटीपोटावरच्या दोन थापा म्हणजे भूक, असा समज होण्याचा संभव असतो.